शनिवारचं पान

आधीच सांगून टाकते, मी तिच्यावर जळत होते. लोक अशा आठवणी लिहायला बसले की ‘आमच्यात निकोप स्पर्धा होती’ वगैरे लिहितात. आमच्यात निकोप काहीही नव्हतं, निदान माझ्या बाजूने तरी नव्हतं. तिची सायकल फाटकातून आत आली की मी खिडकीकडे पाठ करून बसायचे, आणि साहेब तिच्या टेबलाशी जरा जास्त वेळ थांबले की त्या दिवशी माझा डबा अर्धा परत जायचा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना होता. दोन शेड, मध्ये साहेबांची केबिन आणि केबिनबाहेरच्या बोळात एक लोखंडी कपाट. कापड रंगवणाऱ्या गिरण्यांसाठी आम्ही एक यंत्र बनवत होतो. रंगाच्या हौदातलं पाणी किती तापलंय यावर लक्ष ठेवायचं आणि वेळेवर वाफेची झडप बंद करायची, एवढंच त्याचं काम. बोर्ड, तारा, सांगाडा हे बाकीचे लोक करत. आतला प्रोग्राम लिहायला आम्ही दोघीच होतो.

मी नाशिकरोडच्या कॉलनीतली. बाबा शाळामास्तर. मी इंजिनियर झाले तेव्हा आमच्या विहारात माझा सत्कार झाला होता, कॉलनीतली पहिली इंजिनियर मुलगी म्हणून. शाल मिळाली, भाषणं झाली, बाबांनी दोनदा चष्मा पुसला. पहिलं येण्याची मला तेव्हापासून सवय लागली, आणि ही सवय वाईट असते हे मला कोणी सांगितलं नाही.

ती मखमलाबादकडच्या मळ्यातली. घरचा झेंडू, शेवंती, निशिगंध. शिक्षण डिप्लोमा, वयाने माझ्यापेक्षा वर्षाने लहान. सकाळी फुलं तोडून मग कामावर यायची, त्यामुळे तिची बोटं कायम पिवळी असायची. प्रोसेसरचं इंग्रजी पुस्तक ती ओळीखाली बोट ठेवून वाचायची, पहिलीतल्या मुलीसारखी. मला मनातून हसू यायचं. पण त्या बोटाखालून काही निसटायचं नाही, हेही मला दिसत होतं. पहिल्या दिवसापासून ती मला ताई म्हणाली. एका वर्षाने मोठी असलेलीला कसली ताई? पण म्हणाली, आणि तेही मनापासून म्हणाली, म्हणून मला आणखीच राग आला.

यंत्र एकच होतं आणि बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबायची परवानगी नव्हती. म्हणून सकाळी सात ते एक मी बसायचे आणि एक ते सात ती. सुरुवातीला आमची एकच नोंदवही होती. आज काय केलं, काय बिघडलं, ते जाणारीने लिहायचं आणि येणारीने वाचायचं. ती बोलल्यासारखंच लिहायची. ‘यंत्र लय वेळ चाललं, मग बसलं’ असं. एके दिवशी साहेबांनी माझ्यासमोर तिच्या नोंदीचं कौतुक केलं, अगदी नेमकं लिहिते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी लाल शाई घेतली आणि मास्तरांच्या मुलीला शोभेल अशी तिची सगळी पानं तपासून काढली. ‘लय’ खोडलं, ‘नाय’ खोडलं, समासात शेरे दिले. ती तशीच लिहीत राहिली. साहेबांच्या नजरेस वही पडली तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं.

“ही काय शाळा आहे का?” ते मला म्हणाले. “उद्यापासून वही बंद. दोघींनी वेगवेगळ्या पानांवर लिहायचं.”

तेव्हापासून नवी पद्धत सुरू झाली. रोजचं एक सुटं पान. ते लिहून शेडच्या दाराशी टांगलेल्या पेटीत टाकायचं. आमचे शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणत, ते पान साहेबांकडे नेणार, साहेब सही करणार, आणि मग मामा ते बोळातल्या कपाटात आपापल्या फायलीला लावणार. माझी फाईल लाल, तिची हिरवी. मी तिची वाचायची, तिने माझी. साहेब सही करताना एक अक्षर वाचत नाहीत हे आम्हाला आठवड्याभरातच कळलं. पेटीत टाकलेलं पान फायलीला कधी तासाभरात लागायचं, कधी दुसऱ्या दिवशी. पान पेटीत पडलं की आपलं काम झालं, असं मी धरून चालायचे. स्वतःची फाईल मी कधी उघडून बघितली नाही. आपणच लिहिलेलं कोण वाचत बसतं?

वही गेली तसं बोलणंही गेलं. म्हणजे मी बंद केलं. ती एकच्या ठोक्याला यायची, “ताई, जेवलीस?” विचारायची, मी पिशवी उचलून चालू लागायचे.

आता यंत्राचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच झालं. त्यात दोन प्रोसेसर होते. पहिला तापमान वाचायचा, दुसरा झडपा हलवायचा. दोघांच्या मध्ये मेमरीचा एक सामायिक बोर्ड. एकाने त्यावर लिहायचं, दुसऱ्याने ते वाचायचं, याच्यापलीकडे त्यांचं बोलणं नाही. हाती काम नसलं की दुसऱ्याने झोपायचं, कारण जागा राहिला की तो उगाच बोर्डाची वाट अडवून धरायचा. काम आलं की पहिल्याने बोर्डावर ‘काम आहे’ अशी खूण करायची आणि घंटा देऊन त्याला उठवायचं. ही घंटा फक्त झोपलेल्याला लागू पडायची, जाग्याला दिलेली वाया जायची. कोणी कधी झोपायचं आणि कोणाला कोणी उठवायचं हे ठरवणारा प्रोग्रामचा जो गाभा, त्याला कर्नेल म्हणतात. तो आम्ही लिहीत होतो. झोपणाऱ्या-उठणाऱ्या कामाला आता थ्रेड म्हणतात, आम्ही टास्क म्हणायचो. नाव बदललं तरी उठवण्याचं गणित तेच राहिलंय.

आणि आमचं यंत्र झोपलं की कधीकधी उठायचंच नाही. शेडमध्ये चाचणीसाठी पाण्याचं एक मोठं पिंप होतं, त्यात तापवायची कॉइल. दुसरा प्रोसेसर उठला नाही की कॉइल बंद व्हायची नाही, पाणी खदखदायला लागायचं, वाफ पत्र्याला लागून थेंब खाली पडायचे. रोज एकदा तरी हे व्हायचं. गिरणीत झालं असतं तर हौदभर कापड शिजलं असतं.

साहेबांचं जर्मनीतल्या एका कारखान्याशी बोलणं चाललं होतं. तिकडे सहा महिन्यांसाठी आमच्यातलं एक माणूस शिकायला जाणार होतं. एक दिवस पत्र्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांखाली उभे राहून साहेब म्हणाले, “हे झोपेचं दुखणं जी काढेल, ती जर्मनीला जाईल.” ते सहज म्हणाले असतील. मी घरी जाऊन बाबांना सांगितलं. बाबांनी शेजारच्या गुरुजींना सांगितलं, आणि रविवारी विहारात मला तिघांनी विचारलं, की विमान मुंबईहून की दिल्लीहून? आईने स्वेटर विणायला घेतला. आता ते दुखणं मी काढलं नसतं तर मला कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तीन आठवडे मी कागदावर रेघा मारत होते आणि एका सकाळी मला सापडलं. दुसरा प्रोसेसर बघतो, काम नाही. मग झोपायला वळतो. त्या बघण्यात आणि झोपण्यात एक निमिष जातं. नेमकं तेव्हाच पहिल्याने काम ठेवलं आणि घंटा दिली, तर ती घंटा वाया जाते, आणि मग हा जो झोपतो तो कायमचा. उपायही मलाच सुचला. झोपण्याआधी दुसऱ्याने ‘मी झोपतोय’ अशी खूण करायची, मग काम आलंय का ते पुन्हा एकदा बघायचं, नसेल तरच झोपायचं. पहिल्याने ‘काम आहे’ लिहायचं, मग ‘मी झोपतोय’ची खूण बघायची, आणि ती दिसली तर तो उठेपर्यंत घंटा देत राहायची. दोघांनीही आधी लिहायचं, मग समोरच्याचं बघायचं. म्हणजे दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याचं दिसणारच. दोघेही एकाच वेळी चुकतील हे शक्यच नाही. मी ते चार रीतींनी सिद्ध केलं आणि सगळ्या कारखान्याला पेढे वाटले.

तिने पेढा घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाली, “ताई, लय भारी डोकं हाय तुझं.” मला त्यातही खोच दिसली. खरं तर नव्हती.

चौथ्या दिवशी पिंप उकळलं. माझ्याच वेळेत, साहेबांच्या देखत. पूर्वी रोज उकळायचं, आता चार दिवसांनी, म्हणजे सुधारणा होती. पण पेढे वाटून झाल्यावर सुधारणेला काय अर्थ? दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पानावर एकच ओळ होती: ‘ताईचं बरोबर हाय, पण अर्धं हाय.’ ती वाचून माझ्या अंगाची लाही लाही झाली. अर्धं म्हणणारी ही कोण?

मग मी वेड्यासारखी शोधत सुटले. यंत्राच्या समोर आठ लाल दिवे होते. ‘मी झोपतोय’ ही खूण खरंच लिहिली जाते का ते डोळ्यांनी बघावं म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. खूण लिहिली की लगेच तीच खूण बोर्डावरून परत वाचायची आणि दिव्यांवर दाखवायची. ‘काम आहे’च्या खुणेलाही तसंच. आणि गंमत म्हणजे ती ओळ असेपर्यंत यंत्र कायमचं झोपेना. मुद्दाम घाईने कामं टाकून मी पिंपाला छळलं, तरी यंत्र झोपायचं आणि शहाण्यासारखं उठायचं. ओळ काढली की दोन-तीन दिवसांत पुन्हा उकळी. छापलेल्या प्रोग्रामच्या कागदावर त्या ओळीपुढे मी लाल शाईने लिहिलं, ‘याने थांबतं! का?’

का, ते मला कळत नव्हतं. दिवे लावल्याने यंत्र बरं होतं असं साहेबांना सांगितलं असतं तर ते हसले असते. खरं म्हणजे हे सगळं त्या दिवशीच्या पानावर लिहायला हवं होतं, पान त्यासाठीच होतं. मी नाही लिहिलं. मनात म्हटलं, ही वाचेल आणि हिला कळेल. माझ्या दिव्यांच्या उजेडात ती उत्तर शोधेल आणि विमानात बसेल. मी ओळ पुसली, छापलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकला, आणि पानावर लिहिलं, ‘विशेष काही नाही’. पुढचे चार-पाच दिवस रोज तेच लिहिलं.

बुधवारी तिने मला आणि साहेबांना यंत्रापाशी बोलावलं. हातात मेमरीच्या बोर्डाचा आराखडा होता. तो बोर्ड खुद्द साहेबांनी काढलेला. प्रोसेसरला थांबावं लागू नये, काम भराभर व्हावं, म्हणून त्यांनी प्रत्येक प्रोसेसरच्या वाटेवर एक छोटी जागा ठेवली होती. लिहिलेलं आधी तिथे थांबायचं आणि बोर्ड मोकळा झाला की आत जायचं. वाचायला मात्र सरळ वाट. त्या जागेचा साहेबांना फार अभिमान होता.

“साहेब, चिडू नका,” ती म्हणाली. “आमचे आप्पा मुंबईच्या दलालाला फुलं पाठवतात. काय सांगायचं ती चिठ्ठी पाटीतच टाकतात. गाडी निघाली की म्हणतात, झालं, कळवलं. आणि लगेच नाक्यावरनं त्याच्या दुकानात फोन लावून इचारतात, मालकानं आमच्यासाठी काय निरोप ठेवलाय का? मुनीम म्हणतो, नाय. तिकडं दलालानं बी चिठ्ठी लिहून रिकाम्या पाट्यांत टाकलेली असती. तो बी नाक्यावर फोन करून इचारतो, फुलवाल्यांचा काय निरोप? नाक्यावरचा म्हणतो, नाय. दोघांच्या चिठ्ठ्या अजून गाडीत, आणि फोन पोचले आधी. दोघं बी म्हणतात, मी तर कळवलं, त्यालाच पडलेली नाय.”

तिने आराखड्यातल्या त्या दोन जागांवर पिवळं बोट ठेवलं.

“हितं चिठ्ठ्या अडकतात. ताईचं गणित बरोबर हाय. आधी लिहायचं, मग बघायचं. पण लिहिलं म्हणजे पोचलं असं नाय ना. पहिला म्हणतो मी लिहिलं, दुसरा म्हणतो मी लिहिलं. दोघांचं बी वाटेत. दोघांना समोर कायच दिसत नाय, आणि मग घंटा कोण देणार?”

“उपाय?” साहेबांनी विचारलं.

“आपलं लिहिलेलं आपणच आधी परत वाचायचं. तीच जागा वाचायला गेलं की बोर्ड अडकलेलं आत ढकलतो, मगच वाचू देतो. आपलं पोचलं याची खात्री झाली की मग समोरच्याचं बघायचं.”

माझी दिव्यांची ओळ दुसरं काय करत होती? आपलंच लिहिलेलं परत वाचत होती. उत्तर पाच दिवस माझ्या हातात होतं आणि मी ते टोपलीत टाकलं होतं. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते मोठ्याने हसले. “माझ्याच बोर्डात खोट काढलीस की गं पोरी!” म्हणाले. मला कधी ते पोरी म्हणाले नव्हते.

ती ओळ यंत्रात घातली मात्र मी. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ माझी होती. दोन्ही ठिकाणी, खूण लिहिल्यानंतर आणि समोरची बघण्याआधी, मी माझ्या बोटांनी ती टाइप केली. पिंप गुरुवारी शांत होतं, शुक्रवारीही शांत होतं. साहेबांनी सांगितलं, कोणी जायचं ते सोमवारी ठरवू. त्यात ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण दुखणं निम्मं मी काढलं होतं, म्हणून त्यांनी माझा मान ठेवला असावा.

शुक्रवारी घरी गेले तर आईने स्वेटरच्या बाह्या मापायला घेतल्या. मी हात लांब करून उभी राहिले आणि मला स्वतःचीच किळस आली. जर्मनी गेली तर गेली, निदान खोटं तरी गिळून बसू नये, असं वाटलं. असं मला क्वचित वाटतं, म्हणून ते लक्षात आहे.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस असायचा आणि आम्ही दोघीही सकाळीच यायचो. तोवर दुसऱ्या शेडमध्ये दुसरं यंत्र उभं राहिलं होतं, ती तिकडे बसली होती आणि मी इकडे; तिकडच्या दाराशीही तशीच एक पेटी टांगली होती. साडेबाराच्या सुमारास मी पान घेतलं. दिव्यांची ओळ, ती घातल्यावर यंत्र बरं झालं होतं हे, आणि पाच दिवस मी ते लपवलं हे, सगळं लिहिलं. खाली लिहिलं, ‘शोध तुझाच आहे. तू जा. मला माफ कर.’ शाई मुद्दाम निळी घेतली. पान घडी करून माझ्या शेडच्या दारातल्या पेटीत टाकलं आणि हलकं वाटून थेट बोळातल्या कपाटाकडे गेले. तिने आज माझ्यासाठी काही लिहिलंय का, ते बघायचं होतं.

कपाटापाशी ती उभी होती. नुकतीच लाल फाईल, म्हणजे माझी, जागेवर ठेवत होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं.

“झालं तुझं?” तिने विचारलं.

“झालं,” मी म्हणाले.

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मी काहीतरी बोलावं असा चेहरा होता तिचा, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, ही माझं पडलेलं तोंड डोळे भरून बघतेय. ती गेली. मी हिरवी फाईल काढली. वर शुक्रवारचं पान होतं. शनिवारचं नव्हतं. एक ओळ नव्हती, एक अक्षर नव्हतं.

माझं डोकं भणाणून गेलं. जिंकल्यावर माणूस एक शब्द लिहितो, ‘तुझीही मदत झाली’ एवढं तरी लिहितो. हिला तेवढीही गरज वाटली नाही. आणि मी मूर्ख, माझी लाज कागदावर उतरवून हिच्या हातात द्यायला निघाले होते! मी तरातरा परत गेले. साहेबांकडे पाहुणे होते, मामा त्यांचा चहा करत होते, पेटी अजून तशीच भरलेली होती. मी माझं पान काढलं, उभं फाडलं, आडवं फाडलं आणि तुकडे डब्याच्या पिशवीत टाकून एकच्या बसने घरी आले.

सोमवारी साहेबांनी दोघींनाही सकाळीच बोलावलं होतं. अकरा वाजता त्यांनी तिचं नाव सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ती माझ्याकडे बघत होती. मी मामांना विचारत होते, आज चहा कुठे आहे?

दुपारी घरी जाण्याआधी, निव्वळ जखमेवरची खपली काढावी तसं, मी हिरवी फाईल उघडली. आता वर शनिवारचं पान होतं. साहेबांची सही होती, न वाचता केलेली. तिचं अक्षर होतं, बोलल्यासारखं:

‘ताई, तुझा दिव्यांचा कागद मला टोपलीत सापडला. लाल शाईत याने थांबतं का असं लिहिलेलं होतं. त्यावरनंच मला सुचलं, नायतर मला जन्मात सुचलं नसतं. बुधवारी साहेबांसमोर मी ते बोलले नाय, म्हटलं तू का लपवलंस असं ते इचारतील. ते तुझं तू सांगावं. आज तुझ्या पानावर तू दिव्यांचं लिहिलंस तर सोमवारी मीच साहेबांना सांगणार हाय, ताईला पाठवा. माझं काय, मी पुढल्या खेपेला जाईन. नाय लिहिलंस तर मी समजेन की तुला माझ्याशी बोलायचंच नाय.’

मी ते दोनदा वाचलं. खाली मान घालून रडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आधी राग आला. बुद्धीत तर ती माझ्यापुढे गेलीच होती, आता चांगुलपणातही गेली. माझ्यासाठी तिने काहीच शिल्लक ठेवलं नाही. मी फाईल मिटली, कपाट लावलं आणि तिच्या शेडवरून जाताना मान वळवली नाही. तेव्हाही वेळ होती. ती आणखी पंधरा दिवस तिथेच होती. रोज वाटायचं, आज बोलू, आणि रोज तिच्या टेबलाभोवती अभिनंदन करणारे उभे असायचे. ते बघितलं की मी पिशवी उचलून चालू लागायचे.

सगळे तिला सोडायला स्टेशनवर गेले तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. माझ्या घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटांवर होतं. आईने विणलेला स्वेटर पुढे बाबांनी उसवून घेतला आणि त्यांच्या मापाचा करून वापरला. ती सहा महिन्यांसाठी गेली ती तिकडेच राहिली. पहिल्या वर्षी एक भेटकार्ड आलं, सगळ्या कारखान्याच्या नावे. त्यात ताई हा शब्द नव्हता.

मी तिथेच राहिले. नवी मुलं-मुली यायची, त्यांना मी कर्नेल शिकवायचे. ही ओळ कशाला, बाई, असं प्रत्येक तुकडीत कोणीतरी विचारायचं. नुसतं आपलं आपण वाचायचं, त्याचं पुढे काहीच करायचं नाही, वेळ फुकट जातो, काढून टाकू का? मी म्हणायचे, हात लावलात तर बघा. लिहिलं की आधी आपलं पोचलं का ते बघायचं, ते दिसलं की मगच दुसऱ्याचं बघायचं. अगदी तळमळीने सांगायचे. माझा आवाज का चढतो ते त्यांना कळत नसे.

काही वर्षांनी कारखाना अंबडला मोठ्या जागेत गेला आणि ते लोखंडी कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या फायली रद्दीत जाणार होत्या. माझी लाल फाईल मी तेव्हा पहिल्यांदा उघडली. पानं उलटत मागे गेले. सोमवारचं पान होतं, आणि त्याखाली एकदम शुक्रवारचं. मधलं फाडलेलं, त्यामुळे नव्हतंच.

शुक्रवारच्या त्या पानावर, माझ्या ‘विशेष काही नाही’च्या खाली, पेन्सिलीने सोमवारची तारीख होती आणि सकाळी नऊची वेळ. म्हणजे साहेबांनी नाव सांगण्याच्या दोन तास आधी ती पुन्हा येऊन बघून गेली होती. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘ताई, कायच नाय?’